सत्तावीसपेक्षा साडेसत्तावीस लहान

सायकलच्या टायरांच्या दुनियेत सत्तावीसपेक्षा साडेसत्तावीस लहान असतात. अठ्ठावीस आणि एकोणतीस एकाच रिमवर बसतात. आणि अठ्ठावीस व अठ्ठावीस मात्र एकाच रिमवर बसतील याची काही खात्री नाही. हे वाचून लिहिणाऱ्याच्या तब्येतीची काळजी वाटली असेल, तर ती आमच्या हिलाही वाटली होती. पण तिच्याच सायकलपायी मी या ज्ञानापर्यंत पोचलो असल्यामुळे तिनं ती बोलून दाखवली नाही.

आमचं घर बेळगावात, टिळकवाडीत. व्हरांड्यात चार सायकली. एक आप्पांची काळी, दांड्यांच्या ब्रेकची, अजूनही रोज पुसली जाणारी. एक हिची लेडीज सायकल, पुढं भाजीची टोपली. एक चिरंजीवांची जाड टायरांची, जिला सायकल म्हटलेलं त्याला खपत नाही, 'एमटीबी' म्हणायचं, म्हणजे माउंटन बाइक. आणि चौथी माझी, डॉक्टरांनी साखरेचा आकडा वाचून दाखवल्यावर घेतलेली, सडसडीत. ती राकसकोपच्या धरणापर्यंत जाण्यासाठी घेतली होती. बहुतेक दिवशी घराजवळच्या वॅक्सिन डेपोला वळसा घालून परत येते.

तर हिच्या सायकलचा मागचा टायर कडेला फाटला आणि आतली ट्यूब बाहेर डोकावायला लागली. मी दुकानात जाऊन २६ चा, म्हणजे २६ इंची, टायर मागितला. दुकानदारानं २६ चा दिला. टायरवर ठळक अक्षरांत २६ लिहिलेलं होतं. आम्ही दोघंही शंभर टक्के खरं बोललो होतो, आणि तो टायर रिमवर चढत नव्हता.

रेल्वे गेटाजवळ झाडाखाली आमचे पंक्चरवाले मामा बसतात. मामांनी टायर हातात घेतला, एकदा गोल फिरवला आणि बाजूला ठेवला.

"ह्यो बसणार नाही."

"खरं २६ च हाय की मामा."

"२६ च हाय. खरं ह्यो पॉइंटचा हाय. वहिनींच्या सायकलीला भागिलेचा लागतोय."

मला वाटलं, मामा चेष्टा करताहेत. पण टायरवर बघितलं तर खरंच २६ × १.७५ लिहिलेलं, आणि जुन्या फाटक्या टायरवर २६ × १ ३/८. दशांश अपूर्णांकाचा २६ वेगळा आणि व्यवहारी अपूर्णांकाचा २६ वेगळा! चौथीच्या वर्गात गुरुजींनी छडी मारून १.७५ आणि १ ३/४ एकच असतात हे आमच्या डोक्यात बसवलं होतं. टायरवाल्यांच्या गुरुजींकडं छडी नसावी. कारण २६ × १.७५ चा टायर ज्या रिमवर बसतो तिचा व्यास ५५९ मिलिमीटर, आणि २६ × १ ३/४ चा बसतो तिचा ५७१. हिच्या सायकलीची रिम त्याहून तिसरीच, ५९०. शिवाय ५८४ चाही एक २६ आहे आणि ५९७ चाही एक. म्हणजे २६ हे माप नाहीच, ते आडनाव आहे. एका पाटलाचा सदरा दुसऱ्या पाटलाला यावा अशी अपेक्षा आपण कधी ठेवतो का?

हे ५५९ आणि ५९० मला कुठं सापडले, तर टायरच्या अंगावरच. प्रत्येक टायरच्या कडेला, ठळक आकड्यांपासून जरा लांब, बारीक अक्षरांत आणखी एक नंबर उठवलेला असतो. काळ्यावर काळा. मी रात्री जेवण झाल्यावर व्हरांड्यात मांडी घालून बसलो, एका हातात मोबाईलची बॅटरी आणि दुसऱ्या हाताचा अंगठा थुंकीनं ओला करून टायरवरची माती पुसत चाललो. आधी कंपनीचं नाव आलं. मग हवेचा दाब आला. मग कुठल्या बाजूला फिरवायचं तो बाण. मग पुन्हा कंपनीचं नाव, पहिल्यांदा वाचलं नसेल तर म्हणून. आणि रिमलगतच्या कडेजवळ, चिखलाच्या खपलीखाली, ३७-५९०.

यातला पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा रिमवर टायरची कड जिथं टेकते तिथला व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. आयएसओ ५७७५ नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्यातली ही पद्धत. दुसरा आकडा जुळला की टायर बसला, नाही जुळला की नाही बसला. इतका स्वच्छ निकाल असूनही दुकानात सगळे जुन्याच आकड्यांवर भांडतात. अहवाल येऊनही भांडण जागच्या जागी राहतं याचा अनुभव आमच्या भागाला १९६७ पासून, सीमावादावरच्या महाजन आयोगापासून आहे. त्यामुळे मला त्याचं फार नवल वाटलं नाही.

दुसऱ्या आकड्यात तडजोड चालत नाही याचं कारण टायरच्या कडेत आहे. साध्या टायरात तिथं आत पोलादी तार असते. रबर ताणतं, तार ताणत नाही. ५५९ चा टायर ५९० च्या रिमवर चढवायचा म्हणजे त्या तारेला ३१ मिलिमीटरनं मोठी हो म्हणून सांगायचं. ती आमच्या आप्पांसारखी आहे, ऐकत नाही. उलट केलं तर टायर सहज चढतो, मन प्रसन्न होतं, आणि हवा भरायला लागलं की टायर रिमवरून उतरून ट्यूब बंदुकीचा आवाज करते.

त्या रात्री मी चारही सायकलींची जन्मकुंडली मांडली. चिरंजीवांची २७.५ ची, म्हणून ५८४. माझी ७०० सी, म्हणजे ६२२. जुन्या विलायती रेसिंग सायकलींना २७ चे टायर असायचे, ते ६३० चे. म्हणून सत्तावीसपेक्षा साडेसत्तावीस लहान, तेही ४६ मिलिमीटरनं. ज्याला २९ म्हणतात ते माझंच ६२२, फक्त वर जाड टायर. आणि माझ्या टायरवर बारकाईनं बघितलं तर ७०० सीच्या शेजारी २८ असंही लिहिलेलं.

"२८ म्हणजे माझ्या सायकलीचा टायर की," आप्पा आतून म्हणाले. त्यांना झोप लागलेली नव्हती.

आप्पांची २८ × १ १/२. ४०-६३५. माझ्या रिमपेक्षा १३ मिलिमीटरनं मोठी. त्यांचा टायर मला सैल आणि माझा त्यांच्या रिमवर चढणार नाही. हे मी त्यांना समजावून सांगितलं. त्यावर आप्पा म्हणाले, आमच्या वेळी टायर म्हणजे टायर, दुकानात जाऊन 'टायर द्या' म्हणायचं. ते खोटं नाही. दूधवाला, पोस्टमन, मास्तर, खानापूरकडून भाताची पोती आणणारा, सगळ्यांच्या काळ्या सायकलींना हाच एक टायर.

हा घोळ घातला कोणी, तर जुन्या सायकलवाल्यांनी. त्यांनी आकडा लावला तो रिमला नव्हे, हवा भरलेल्या टायरच्या बाहेरच्या व्यासाला. फ्रेंचांनी ठरवलं, बाहेरून चाक ७०० मिलिमीटरच्या आसपास ठेवायचं. मग बारीक टायर असेल तर रिम मोठी लागणार, जाड असेल तर लहान. म्हणून ७०० ए म्हणजे ६४२, ७०० बी म्हणजे ६३५, ७०० सी म्हणजे ६२२. आप्पांची काळी सायकल म्हणजे ७०० बीच की! पुढं टायरांची जाडी बदलत गेली, रिम तीच राहिली, आकडाही तोच राहिला. आज माझ्या चाकाला फूटपट्टी लावली तर ७०० येईलच असं नाही. लहान मुलांच्या सायकलींत २४ चे ५०७ आणि ५४०, २० चे ४०६ आणि ४५१ असे संसार आहेत. त्यांच्या वाटेला मी गेलो नाही.

एवढी विद्या मिळवून मी पुन्हा टायर आणायला निघालो. मामांनी मात्र एकच सल्ला दिला. "नंबर बिंबर सांगत बसू नका. चाकच घेऊन जावा."

म्हणून शनिवारी, बाजाराच्या दिवशी, मी सायकलचं मागचं चाक खांद्याला अडकवून गणपत गल्लीत शिरलो. माणसानं हातात पिशवी घेऊन जावं, छत्री घेऊन जावं, कोंबडी उलटी धरून न्यावी, कोणी विचारत नाही. चाक घेतलं की सगळ्या गावाला बोलायचा हक्क मिळतो. कांदे निवडणारी मावशी म्हणाली, "बाकीची कुठं गेली?" ओळखीच्या एका सरांनी थांबवून, आवाज खाली आणून, चोरीची तक्रार दिली का विचारलं. आणि शाळेतला एक मित्र रस्त्याच्या पलीकडून ओरडला, "हप्त्याहप्त्यानं घेऊलालास काय बे सायकल?" त्यात फ्रीव्हीलचं ग्रीस शर्टाला लागलेलं. गर्दीत प्रत्येकजण माझ्यापासून हातभर लांब राहत होता, एवढा एक फायदा.

पहिल्या दुकानात मी रुबाबात म्हटलं, "सदतीस-पाचशे नव्वद आहे का?" काउंटरवरच्या पोरानं मला असं बघितलं की मीच खाली बघितलं. दुसऱ्यात चाक बघून "बरंगिल्ल री", म्हणजे येणार नाही, एवढंच उत्तर मिळालं. खडेबाजाराच्या बाजूला एका अरुंद दुकानात मात्र एक वृद्ध गृहस्थ बसले होते. डोक्यावर छतभर टायर टांगलेले. त्यांनी चाक हातात घेतलं नाही, नंबर विचारला नाही. चष्म्यावरून एकदा बघितलं, आकडीच्या काठीनं वरून तिसरा टायर ओढला आणि चाकाच्या कडेवर धरला. मी वळवून वाचला. २६ × १ ३/८. बारीक अक्षरांत ३७-५९०.

"पाचशे नव्वद!" मी म्हणालो.

"ते काय गोत्तिल्ल री," ते म्हणाले, म्हणजे ठाऊक नाही. "खरं बसतंय."

किर्लोस्कर रोडवरून परत येताना मला जरा बरं वाटलं. १८८८ साली बेलफास्टमधल्या डनलॉपनं हवेच्या टायरचं पेटंट घेतलं, आणि त्याच साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलचं दुकान काढलं असं सांगतात. म्हणजे हवेचा टायर आणि आमच्या गावचा सायकलधंदा एका वयाचे. पुढं लक्ष्मणराव नांगर आणि यंत्रांकडं वळले. इतका बुद्धिमान माणूस सायकलीच्या धंद्यातून बाहेर का पडला, यावर त्या दिवसापासून माझं स्वतःचं एक मत आहे.

मामांनी टायर बसवला तो बघण्यासारखा होता. एक कड आधी आत. मग ट्यूबमध्ये जराशी हवा, गोल येईल इतपत. मग दुसरी कड दोन्ही अंगठ्यांनी दाबत दाबत दोन बाजूंनी वर आणली, आणि शेवटचा वीतभर भाग राहिला तिथं पाना न घेता तळव्यांनी टायर पुढं लोटला. टप्प आवाज झाला. पान्यानं रेटलं तर ट्यूब चिमटते, म्हणाले.

ट्यूब मात्र या सगळ्या घराण्यात समजूतदार. तिला तार नाही, ती ताणते. तिच्या खोक्यावर १.७५ ते २.१२५ असा पल्लाच दिलेला असतो. व्हॉल्व्ह जुळला तर ६३५ ची ट्यूब ६२२ लाही नांदते. फार रुंद घातली तर आत घडी पडते, फार बारीक घातली तर ताणून पातळ होते, एवढं सांभाळायचं. भांडण आहे ते व्हॉल्व्हचं. हिच्या आणि आप्पांच्या सायकलीला वालट्यूबचा जुना व्हॉल्व्ह. वालट्यूब म्हणजे ती वीतभर मिळणारी बारीक रबरी नळी, तुकडा कापून, थुंकी लावून खिट्टीवर चढवायची. चिरंजीवांचा मोटरसायकलसारखा जाड. माझा फ्रेंच, सडपातळ, टोकाला नखाएवढा नट असलेला, तो आधी सैल केल्याशिवाय हवा घेत नाही. जाड व्हॉल्व्हला रिममध्ये ८ मिलिमीटरहून जरा मोठं भोक लागतं, माझ्या रिमचं त्याहून लहान. त्यामुळे चिरंजीवांची ट्यूब अडीअडचणीलाही माझ्या कामाची नाही. पंप एक, तोंडं तीन.

आता व्हरांड्यातल्या भिंतीवर मी खडूनं चारही सायकलींचे नंबर लिहून ठेवलेत. हिनं ते एकदा पुसले, दिवाळीच्या आधी. मी परत लिहिले. त्या भिंतीमुळे गल्लीत माझं नाव झालं. परवा शेजारचे काका आले, स्कूटरचा टायर बदलायचा म्हणून. त्यांच्या टायरवर ९०/१००-१० लिहिलेलं होतं. मी बॅटरी आणली, बसलो, वाचलं, शोधलं. ९० म्हणजे रुंदी, मिलिमीटरमध्ये. १०० म्हणजे उंची, पण ती रुंदीच्या टक्क्यांत. आणि १० म्हणजे रिम, ती इंचात.

काकांना मी चहा पाजला आणि म्हटलं, चाकच घेऊन जावा.