ओळख परेडमध्ये त्या बाईंनी माझाच नंबर सांगितला

गेल्या महिन्यात मी पोलिसांच्या ओळख परेडला डमी म्हणून उभा राहिलो. डमी म्हणजे ज्याचा त्या गुन्ह्याशी काडीचाही संबंध नाही असा माणूस, संशयिताला एकट्याला उभं करून "हाच का तो" असं विचारता येत नाही म्हणून त्याच्यासोबत रांगेत उभं करायला बोलावलेला. आणि साक्षीदार बाईंनी त्या रांगेतून माझा नंबर सांगितला. तेव्हापासून हे लिहायचं मनात आहे. केस कुठली, काय, ते लिहिणार नाही, ते बरोबरही नाही, पण त्या पाऊण तासात जे डोळ्यांनी बघितलं ते लिहितो.

झालं असं की मित्राने एक मेसेज फॉरवर्ड केला, तिशी-पस्तिशीतला, मध्यम बांध्याचा, दाढी असलेला, उंची साधारण पाच आठ असा कोणी तयार असेल तर कळवा. मी त्यात बसत होतो. घरचे नको म्हणत होते, उगाच तुझ्याच गळ्यात पडलं तर काय करशील. ही भीती मला समजते आणि बहुतेक लोक याच भीतीने जात नाहीत, पण डमीच्या गळ्यात काही पडत नाही, आपलं नाव-गाव आधीच लिहून घेतलेलं असतं आणि आपण कोण हे तिथे कागदावर असतं. हे एवढं वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आम्ही एकूण नऊ जण होतो. संशयिताच्या डाव्या भुवईवर जखमेची खूण होती, म्हणून आम्हा सगळ्यांच्याच डाव्या भुवईवर एकसारखी चिकटपट्टी लावली. नऊ अनोळखी माणसं, नऊ पट्ट्या, कोणी कोणाकडे बघत नव्हतं. उभं कुठे राहायचं ते संशयिताला निवडू दिलं, तो आधी टोकाला गेला, मग परत आला आणि माझ्या उजवीकडे येऊन थांबला. मला तोपर्यंत तो कोण ते कळलेलं नव्हतं, जागा निवडताना कळलं.

आणि तेव्हाच माझं लक्ष खाली गेलं. आमच्या सगळ्यांच्या बुटांना लेस होत्या, त्याच्या नव्हत्या. कोठडीत लेस काढून घेतात, कोणी स्वतःला इजा करून घेऊ नये म्हणून. म्हणजे भुवई झाकली, दाढ्या जुळवल्या, उंच्या जुळवल्या आणि खाली जमिनीजवळ स्पष्ट लिहून ठेवलं होतं की कोठडीतून आलेला माणूस हा. बूट उघडे पडलेले, जिभा बाहेर आलेल्या. मी दोन मिनिटं गप्प होतो, खरं सांगतो, बोलावं की नाही कळत नव्हतं. मग अधिकाऱ्यांना म्हटलं, साहेब, बूट बघा. त्यांनी बघितलं, काही बोलले नाहीत, आणि सगळ्यांना बूट-मोजे काढून बाजूच्या खोलीत ठेवायला सांगितलं. त्या साहेबांबद्दल मला आदर आहे, त्यांना ते दिसलं नव्हतं, पण दाखवल्यावर त्यांनी वाद घातला नाही.

मग बाई आल्या. चाळिशीच्या असतील. अधिकाऱ्यांनी त्यांना शांतपणे सांगितलं, "ताई, तो माणूस इथे असेल किंवा नसेलही. नसला तर नाही म्हणा, कोणी काही म्हणणार नाही." त्या आमच्यासमोरून दोनदा चालत गेल्या. माझ्यासमोर थांबल्या. मी त्यांच्या कपाळाकडे बघत राहिलो, डोळ्यांत बघायची हिंमत झाली नाही. मग त्या जरा मागे सरकल्या आणि म्हणाल्या, "चार नंबर." चार मी होतो. खात्री आहे का विचारलं तर "हो, हाच" म्हणाल्या आणि त्यांचा आवाज कापत होता. नाटक नव्हतं ते, खोटेपणा तर अजिबात नव्हता, त्या बाईंना मनापासून वाटत होतं की त्यांच्यासोबत जे झालं ते मी केलं.

माझ्या तोंडाला कोरड पडली, तळहात ओले झाले, मी निर्दोष आहे हे माहीत असूनही. पाच मिनिटांनी मला पट्टी काढून घरी जायला सांगितलं. सही केली, निघालो. पण रस्त्याने सारखा एकच विचार, हेच बोट एक पाऊल उजवीकडे गेलं असतं तर तो माणूस घरी गेला नसता. त्या ओळखण्यात काही फरक नव्हता, तीच खात्री, तोच कापरा आवाज. फरक फक्त कागदावर होता, माझं नाव एका यादीत आणि त्याचं दुसऱ्या. त्याने गुन्हा केला की नाही मला माहीत नाही. कदाचित केलाही असेल. पण "साक्षीदाराने ओळखलं" या दोन शब्दांवर माझा जो आंधळा विश्वास होता तो त्या दिवशी गेला.

नंतर वाचायला घेतलं तर कळलं की माझ्यासोबत झालं ते फार नवलाचं नाहीच. प्रत्यक्ष केसेसमधल्या परेडचा अभ्यास झालाय, त्यात साधारण पाव साक्षीदार डमीकडे बोट दाखवतात. आणि कारणही समजण्यासारखं आहे. माणूस रांगेसमोर उभा राहिला की "तोच आहे का" हा प्रश्न नकळत "यातला सगळ्यात जवळचा कोण" असा होऊन बसतो. गॅरी वेल्स म्हणून मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी ही गोष्ट १९८० च्या दशकातच मांडली. खरा माणूस रांगेत नसला तरी सगळ्यात जवळचा कोणीतरी असतोच ना, रांग आहे म्हटल्यावर कोणीतरी असणारच. म्हणून ते "नसेलही" म्हणून सांगणं इतकं महत्त्वाचं, आणि म्हणून डमी कोण उभे केलेत ते महत्त्वाचं.

अ‍ॅडॉल्फ बेकची केस वाचा एकदा. लंडनमध्ये राहणारा नॉर्वेचा माणूस, बायकांना फसवून दागिने लुबाडल्याचा आरोप, एकीमागून एक बायकांनी त्याला ओळखलं, १८९६ मध्ये सात वर्षांची शिक्षा झाली. रांगेत पिकलेले केस आणि मिशी असा तो एकटाच होता. मग काय ओळखणार, पिकलेले केस आणि मिशी ओळखली. सुटून आल्यावर १९०४ मध्ये परत तसंच, परत दोषी. खरा भामटा त्याच वर्षी सापडला म्हणून बेक वाचला. त्या प्रकरणानंतर इंग्लंडमध्ये १९०७ साली फौजदारी अपिलाचं कोर्ट आलं. तरीही १९७६ मध्ये लॉर्ड डेव्हलिन समितीला पुन्हा चुकीच्या ओळखीवरच अहवाल द्यावा लागला, म्हणजे सत्तर वर्षांनी दुखणं तेच. आज तिथल्या नियमात संशयितासोबत किमान आठ जण लागतात, आणि बहुतेक ओळख व्हिडिओवर होते.

अमेरिकेत डीएनएमुळे जे ३७५ निर्दोष लोक १९८९ ते २०२० मध्ये सुटले त्यातल्या जवळपास ६९ टक्के केसेसमध्ये कोणीतरी त्यांना चुकीचं ओळखलेलं होतं. त्यातला रोनाल्ड कॉटन मला विसरता येत नाही. १९८४ साली नॉर्थ कॅरोलायनात एका कॉलेजच्या मुलीवर बलात्कार झाला, तिने त्या अंधारातही मुद्दाम चेहरा लक्षात ठेवायचा प्रयत्न केला, याला शिक्षा व्हायलाच पाहिजे म्हणून. आधी फोटो दाखवले, तिने कॉटनचा उचलला. मग परेड झाली, त्यात परत कॉटन. पण फोटोंमध्येही होता आणि परेडमध्येही होता असा तो एकटाच होता. म्हणजे तिने परेडमध्ये कोणाला ओळखलं, हल्लेखोराला की फोटोतल्या माणसाला? वर तिला सांगितलं गेलं की फोटोतही हाच निवडला होतास. झालं, खात्री पक्की. खरा गुन्हेगार नंतर कोर्टात तिच्यासमोर उभा केला तर तिला तो ओळखूच आला नाही. कॉटन दहा वर्षांहून जास्त तुरुंगात होता, १९९५ ला डीएनएने सुटला. पुढे त्या बाई आणि कॉटन दोघं मिळून याच विषयावर लोकांशी बोलत फिरले, हे वाचताना मला आमच्या परेडमधल्या ताई डोळ्यांसमोर येत होत्या.

आणि आता आपल्याकडे येतो, म्हणजे फेसबुकवर आणि ग्रुपवर बसलेल्या आपल्या सगळ्यांकडे. कोणाला अटक झाली की आपण पहिलं काय करतो, फोटो शेअर करतो. पोलिसांनी आरोपीचं तोंड झाकून आणलं की खाली कमेंट्स, कशाला झाकता, दाखवा जगाला. मीपण लिहिलंय असं, दोन वर्षांपूर्वी. पण ओळख परेड व्हायची असेल तर तोंड झाकण्याचं मोठं कारण हेच असतं की साक्षीदाराने त्याला आधी कुठे बघितलेलं नसावं. आपण फोटो फिरवला, तो साक्षीदाराच्या मोबाईलवर पोचला, की परेड संपली, मग रांगेत नऊ उभे करा नाहीतर नव्वद, तो फोटोतलाच चेहरा उचलणार. माणूस निर्दोष असेल तर आपण त्याला अडकवला. आणि खरा गुन्हेगार असेल तर त्याच्या वकिलाला आयतं कोलीत दिलं, की साक्षीदाराने फोटो आधीच बघितला होता. दोन्हीकडून नुकसान त्या पीडित बाईचंच.

माझं स्पष्ट मत आहे की परेड घेणाऱ्याला संशयित कोण हे माहीतच नसावं. माहीत असलं की नजर जाते, श्वास बदलतो, "नीट बघा" हे वाक्य नेमक्या माणसापाशी निघतं, मुद्दाम नाही, आपोआप. न्यू जर्सीत २००१ पासून हे लागू आहे, न जमण्यासारखं काही नाही. ओळखल्यावर "बरोबर, हाच" असं कोणीही म्हणू नये, वेल्स यांच्याच १९९८ च्या प्रयोगात असं एक वाक्य ऐकल्यावर साक्षीदारांना "आपण तेव्हाही चेहरा अगदी नीट बघितला होता" असं वाटायला लागलं, म्हणजे आठवणच बदलते. आणि एक साधी चाचणी आहे, १९७३ पासून अभ्यासकांना माहीत असलेली, ज्याने गुन्हा बघितलाच नाही अशा लोकांना फक्त साक्षीदाराने केलेलं वर्णन वाचून दाखवायचं आणि रांगेचा फोटो समोर ठेवायचा. तेही जर बहुतेक जण संशयितालाच निवडत असतील तर ती रांग बनवलीच चुकीची. आमची बूट घातलेली रांग या चाचणीत सुटली असती, कारण वर्णनात बूट नसतातच, म्हणून रांगेत उभं राहणाऱ्याचे डोळेही उघडे पाहिजेत.

त्यामुळे कोणी बोलावलं तर जा. दाढी जुळत नाही, रंग जुळत नाही असे दोन-चार कसेबसे गोळा केलेले लोक उभे केले की सगळ्यात आधी बळी जातो तो त्यांच्यामधला निर्दोष माणूस. आपल्यासारखे सारखे दिसणारे लोक बाजूला उभे असणं एवढंच त्याचं संरक्षण. आणि गेलात की शेजाऱ्याकडे वरपासून खालपर्यंत बघा, काही वेगळं दिसलं तर बोला, माझ्यासारखी दोन मिनिटं घालवू नका.

त्या ताईंना कधीतरी कळलं असेल का की त्यांनी ज्याला ओळखलं तो डमी होता, माहीत नाही. त्यांच्यावर माझा राग नाही, त्यांच्यासमोर परत उभं राहायची वेळ आली तर मला खूप जड जाईल.

परवा परत फोन आला, दुसरी केस आहे. उंची विचारली, दाढी अजून आहे का विचारलं. आहे म्हटलं. मंगळवारी जातोय.