शेरा : घाबरला

आज सकाळी मुलुंडला फास्टमध्ये कसाबसा आत शिरलो, एक पाय माझा आणि दुसरा बहुतेक दुसऱ्याच कुणाचा, आणि खिशात फोन थरथरला. हात खिशापर्यंत पोचेस्तोवर घाटकोपर गेलं. बघतो तर मनालीत भेटलेल्या पार्ल्याच्या काकांचा मेसेज. वहीच्या पानाचा फोटो. पट्टीने रेघा मारलेला तक्ता आणि वर रकाने : अनुक्रमांक, गाव, कोट नंबर, सांगितलेला वेळ, मिळालेला वेळ, सेकंदाचा दर, शेरा. मी चौदावा. ‘मुलुंड, १०७, १० मि., ३ मि. ४० से., रु. १५, घाबरला.’

घाबरला! तेही एकेरीत! माझ्या वरची बोरिवलीची बाई मात्र ‘हसत उतरल्या’. त्यांना अहोजाहो आणि मला सरळ घाबरला, जसा काही मी काकांच्या मांडीवर वाढलोय.

तर मी घाबरलो नव्हतो हे एकदा नीट सांगून टाकतो.

मे महिना, पोराची सुट्टी, घामाने बनियन पाठीला चिकटलेलं, म्हणून मनाली. चंदीगडपर्यंत विमान, पुढे रात्रभर बस, त्याबद्दल काही बोलत नाही, कंबर अजून बोलतेय. खरं म्हणजे रोहतांगला जायचं होतं. तिथे दिवसाला १,२०० च गाड्या सोडतात, ८०० पेट्रोलच्या आणि ४०० डिझेलच्या, आणि आमचा ड्रायव्हर म्हणाला परमिट नाही मिळालं, शिवाय आज मंगळवार, मंगळवारी रोहतांग बंद असतं. अरे मग हे तुला सोमवारी रात्री अ‍ॅडव्हान्स घेताना माहीत नव्हतं? ‘सर, सोलंग चलते हैं, वही चीज है.’ वही चीज कशी असेल बाबा, तो जवळजवळ चार हजार मीटरवरचा घाट आणि ही खालची दरी. पण निघालो. मनालीहून सोलंग जेमतेम तेरा-चौदा किलोमीटर. पलचानच्या फाट्याआधी गाडी जी थांबली ती थांबलीच. बाहेर देवदार, खाली खळखळणारी बियास, आणि आम्ही गाडीत वेफर्स खात घोडबंदर रोडवर बसल्यासारखे बसलेलो.

वाटेत कोटांची दुकानं. ढिगाने आहेत आणि प्रत्येकाला नंबर आहे, पण ड्रायव्हरला पाठ एकच. ‘उपर बहुत ठंड है.’ घेतले तीन कोट भाड्याने. कोट कसला, गळ्यापासून घोट्यापर्यंत डांगरी, लाल, पाठीवर रंगाने १०७ लिहिलेलं, आणि आत माझ्या आधीच्या एकशेसहा जणांचा वास. सोलंगला उतरलो तर रणरणतं ऊन. साडेआठ हजार फुटांच्या आसपास, हवा गार आहे, मस्त आहे, नाही म्हणत नाही, पण स्वेटर पुरतो हो! बर्फ पार वर, शिखरांवर. तिथली घोडेवाली पोरं टीशर्टमध्ये आणि मैदानभर आपली महाराष्ट्रातली माणसं लाल-निळ्या डांगऱ्यांत घाम पुसत ‘स्नो कुठंय’ विचारत फिरतायत. ससा घ्या मांडीवर, याकवर बसा, पारदर्शक फुग्यात शिरून उतारावरून गडगडा. पोरगं फुग्यात शिरलं. बायको म्हणाली, तुम्ही ते पॅराग्लायडिंग करा, नाहीतर इथपर्यंत येऊन काय केलं म्हणून मुंबईत रडाल.

दर? ‘शॉर्ट फ्लाय’ आणि ‘लाँग फ्लाय’. शॉर्ट म्हणजे किती न् लाँग म्हणजे किती, हे कुठल्याच फळ्यावर नाही. मी लाँग ३,३०० ला ठरवलं. ‘कितना टाइम?’ ‘दस मिनट, सर.’ वरती गेलो. पायलट म्हणाला, भागना है, बैठना नहीं. मी भागलो. १०७ नंबरच्या डांगरीत जितकं भागता येतं तितकं भागलो. आणि पायाखालची जमीन गेली.

आता खरं सांगतो, ते फार सुंदर होतं. सगळा आवाज एकदम खाली राहिला. दरी हिरवी, समोर पांढरी शिखरं, फुग्यांचे ठिपके, आणि मला महिन्याभरात पहिल्यांदा ऑफिसचं काहीच आठवेना. पायलटने काठीवर कॅमेरा लावला होता आणि तो बरोबर माझ्या हनुवटीवर रोखलेला, म्हणून मी त्याला एकच वाक्य बोललो, ते पुढे येईलच. मग जमीन आली. पायलट ओरडला ‘पैर उपर’, मी पाय वर केले आणि डांगरीवर बसून चांगला पंधरा फूट घसरलो. मागे कायतरी टर्रकन झालं.

डोळे उघडले तर समोर प्लास्टिकच्या खुर्चीत एक गृहस्थ. माकडटोपी, मांडीवर वही, हातात स्टॉपवॉच. मोबाईलमधलं नाही, शाळेत पीटीच्या सरांकडे असायचं ते.

‘मराठी ना?’

मी म्हटलं, हो.

‘कुठले?’

‘मुलुंड.’

‘तर मुलुंड, मला एक सांगा. वेळ पाय टेकल्यावर थांबवायची की बूड टेकल्यावर? तुमचं आधी बूड टेकलं. बोरिवलीच्या बाईंचे पाय आधी टेकले होते. नियम एकच पाहिजे.’

मी अजून पट्ट्यांत अडकलेलो, नाकात गवत. बाजूला चटईवर काकू बाकरवडी खात होत्या. त्या म्हणाल्या, ‘अहो, त्यांना उठू तर द्या.’

‘उठल्यावर विसरतात,’ काका म्हणाले. ‘सांगितले किती होते?’

‘दहा मिनिटं.’

‘मिळाले तीन चाळीस. म्हणजे दोनशेवीस सेकंद. दिलेत किती?’

इथे मी खोटं बोलायला हवं होतं. पण माणूस नुकता आकाशातनं आलेला असला की खरं बोलतो. सांगितलं ३,३००.

काकांनी डोळे मिटले. दोन सेकंदांत हिशोब. ‘कबूल केल्याप्रमाणे सेकंदाला साडेपाच रुपये. तुम्हाला पडली पंधराला. मुंबईत रिक्षावाला २६ रुपयांत दीड किलोमीटर नेतो, आणि त्याला मीटर असतं. यांना मीटर का नाही?’

मी म्हटलं, काका, पण मजा आली.

‘मजा वेगळ्या रकान्यात नाही घेतलेली.’

हळूहळू कळलं ते असं. काका रिटायर्ड ऑडिटर. टूरबरोबर आलेले, स्वतः एकही अ‍ॅक्टिव्हिटी केलेली नाही, सकाळपासून या खुर्चीत (तिचं भाडं पन्नास, तेही वहीत) बसून उतरणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाची वेळ घेतायत. आदल्या दिवशी अटल टनेलमधून गेले तेव्हा तीही घेतली. ‘९.०२ किलोमीटर, बारा मिनिटं, म्हणजे पंचेचाळीसचा स्पीड. योग्य.’ त्या बोगद्याला मिळालेला हा बहुतेक त्यांचा एकमेव चांगला शेरा. याकवाल्याला त्यांनी विचारलं होतं की फोटोचे पैसे याकचे की जागेचे. आणि हे पण सांगितलं की १५ जुलै ते १५ सप्टेंबर पावसामुळे इथलं उडणं सरकारच बंद ठेवतं, ‘तेव्हा त्या दोन महिन्यांचा खर्च कोण देतं? मुलुंड देतं.’

चिडायचं कुणावर हेच समजेना. कारण काका बरोबर होते ना! पावती नाही, वेळ नाही, शॉर्ट-लाँगची व्याख्या नाही, विचारलं तर ‘हवा नहीं थी, सर’. हवा नव्हती तर मी काय पुण्याईवर तरंगत होतो? मैदानभर कप-पिशव्या पडलेल्या, बायकांना धड टॉयलेट नाही, आणि पैसे मात्र दर पावलाला. आणि आपण पण कमाल आहोत, मक्याच्या कणसाला दहा रुपये कमी करून घेतो आणि इथे तीन हजार मुकाट मोजतो कारण पायलटने ‘सर’ म्हटलेलं असतं. पण तरी... दोनशेवीस सेकंद का होईना, मी तिथे वर सुखात होतो. काकांनी त्याचं प्रत्येक सेकंद पंधरा रुपयांची नोट करून माझ्या हातात ठेवलं. आता डोळे मिटून ती दरी आठवायला जावं तर आत घड्याळच टिकटिकतं.

परत येताना कोटवाला. मागची शिवण उसवलेली, तो म्हणे चारशे द्या. मी म्हटलं, आधीपासूनच फाटका होता. आणि योगायोग बघा, काकांची बसही तिथेच कोट परत करायला थांबलेली. मला वाटलं, आपला माणूस, वही आहे, साक्ष देईल.

‘नाही,’ काका म्हणाले. ‘मी उतरताना पाहिलंय. आवाज पण आला. खोटं लिहिणार नाही.’

चारशे दिले. वर त्यांनी माझा नंबर मागून घेतला, ‘तक्ता पाठवतो.’ आणि मी दिला! का दिला? त्यांच्या मागे काकू उभ्या होत्या आणि त्यांनी मला शेवटची बाकरवडी दिली होती म्हणून.

तर आज दादर येईपर्यंत, एका हाताने, कोपराने दोन जणांना ढकलत टाइप केलं : काका, तक्ता छान, पण शेरा चुकीचा आहे. मी घाबरलो नव्हतो.

भायखळ्याला उत्तर आलं. ‘वरून स्पष्ट ऐकू आले, भाऊ खाली घे, भाऊ खाली घे. दोन वेळा.’

अहो तो कॅमेरा! कॅमेरा खाली घे म्हणालो मी, हनुवटी दिसत होती डबल! लिहिलं सगळं सविस्तर.

‘पायलट कुल्लूचा. त्याला मराठी येत नाही. मग सांगत कोणाला होतात?’

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी म्हटलं, बरं, निदान ‘घाबरले’ तरी करा.

सीएसएमटीला उतरलो तोवर निळ्या टिका आल्या होत्या. ऑफिसात पोचल्यावर निकाल आला. ‘हरकत घेण्याची मुदत उतरल्यापासून पंधरा मिनिटे होती. शिवाय पेनाने लिहिले आहे.’

त्याखाली काकूंचा वेगळा मेसेज, त्यांच्या फोनवरून. ‘मुलुंड, मनावर घेऊ नका. आमच्या लग्नाच्या अल्बममध्ये पण शेरे आहेत.’

हा तक्ता आता बायकोला दाखवायचा की नाही याचा विचार करत होतो, तर पोराचा फोन आला. ‘बाबा, तू ग्रुपवर चौदावा आहेस?’

ग्रुप?