खांदा

उत्तर कॅरोलायनात बार्बेक्यू म्हणजे डुक्कर. बाकी सगळं म्हणजे नुसतं शेगडीवर भाजलेलं काहीतरी. हे मला इथे आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात कळलं. ऑफिसातल्या एकाने जेवायला बोलावलं, तर मी विचारलं, "बार्बेक्यू कशाचा? चिकनचा?" त्याने माझ्याकडे असं बघितलं, जसं वसईच्या बाजारात कुणी विचारावं, सुके बोंबील कशाचे करतात?

मी वसईचा. घर ईस्ट इंडियन, म्हणजे इकडचं जुनं मराठी ख्रिस्ती, त्यामुळे डुकराचं मटण काही नवं नाही. नाताळला इंद्याल, लग्नाला सोरपोतेल, आणि दोन्हीत व्हिनेगर एवढं की शेजारच्या आळीत कळावं कुणाकडे काय आहे. डुक्कर शिजवणं आपल्या रक्तातच आहे, अशी माझी समजूत होती. पण रक्तात असणं वेगळं आणि मटणाच्या रसात असणं वेगळं, हे गेल्या वर्षी चार जुलैला इथल्या केरी गावातल्या आमच्या अंगणात सिद्ध झालं.

झालं असं की मी मोठ्या हौसेने पुल्ड पोर्क केलं. पुल्ड पोर्क म्हणजे डुकराचा अख्खा खांदा मंद धुरात इतका वेळ शिजवायचा, की शेवटी सुरी लागू नये, बोटांनी तंतू सुटावेत. खांदा अकरा वाजता तयार झाला. पाहुणे एकला यायचे होते. मी लगेच सगळं मटण सोडवून, फुगवून, परातीत डोंगर करून ठेवलं. वाफा निघत होत्या, वास सुटला होता, मी फोटो काढत होतो.

पाहुणे पावणेतीनला आले.

तोवर परातीत मटण नव्हतं, काथ्या होता. नारळाचा सोललेला, वाळलेला काथ्या. मंडळी सभ्य, सगळे "छान झालंय" म्हणाले आणि लगेच म्हणाले, "पाणी आहे का?" अकरा माणसं, अकरा वेळा पाणी. एका काकूंनी तर चिवडा समजून वाटीत घेतलं आणि वर कांदा पेरला.

आमच्या कुंपणापलीकडे एक रिटायर्ड गृहस्थ राहतात. दर शनिवारी त्यांच्या परसातून धूर निघतो, म्हणून आमच्या मुलांनी त्यांचं नाव धूरकाका ठेवलंय. पाहुणे गेल्यावर त्यांना मी एक प्लेट नेऊन दिली. त्यांनी त्यातला एक तंतू उचलला, उन्हासमोर धरला, दोन्ही टोकांनी ताणला. तो तुटला. काकांनी टोपी काढली. इकडे टोपी कधी काढतात हे मला माहीत होतं.

मग त्यांनी शवविच्छेदन केलं. म्हणाले, खांदा अख्खा असतो तेव्हा त्याला बाहेरची एकच कातडी असते. तू तो सोडवलास की प्रत्येक तंतू ही एक नवी कातडी, आणि सगळ्या कातड्या गरम, उघड्या. ती वाफ निघत होती ना, जिचे तू फोटो काढलेस? ते तुझ्या मटणातलं पाणी होतं.

मी मोबाइल काढून फोटो पुन्हा बघितले. खरंच, सत्तावीस फोटो होते.

या वर्षी मी सूड घ्यायचं ठरवलं. तीन जुलैला आठ पाउंडांचा, म्हणजे साधारण साडेतीन किलोचा खांदा आणला. दुकानात त्याच्यावर 'बॉस्टन बट' असं लिहिलेलं असतं. बट म्हणजे पार्श्वभाग असं समजून मी इथे पहिली दोन वर्षं तो घेतलाच नव्हता. तो खांद्याचा वरचा भाग असतो हे कळल्यावर बायको म्हणाली, "ज्यांना डुकराची पुढची बाजू कुठली ते सांगता येत नाही, त्यांच्याकडून तू स्वयंपाक शिकतोयस."

मीठ, ब्राऊन शुगर, पाप्रिका चोळून रात्री नऊला खांदा धुरात चढवला. हिकरीची लाकडं, आच २२५ अंश फॅरनहाइट, म्हणजे आपली १०७ सेल्सिअस. पाउंडाला दीड ते दोन तास हा इथला हिशेब. खांदा, रात्रभर जागरण, हवेत धूर. पलीकडच्या सोफ्यावरून बायकोने विचारलं, "नातेवाइकांना कळवलंस का?"

पहिले काही तास मजेत गेले. थर्मामीटरची सळई मटणात, आकडा मोबाइलवर. शंभर, एकशेवीस, एकशेचाळीस. रात्री एकला १५६ आणि थांबला. दीडला १५६. दोनला १५६. अडीचला १५५! धगीत ठेवलेली वस्तू थंड कशी होते? मी सळई काढून पुसली, पुन्हा खुपसली, मोबाइल बंद करून चालू केला. १५५.

याला इथे 'स्टॉल' म्हणतात, म्हणजे अडून बसणं, आणि त्याने बऱ्याच घरांतली शांतता घालवलेली आहे. कारण ऐकलं तर तुम्हीही कपाळावर हात माराल: माठ. दुसरं काही नाही. माठाला बाहेरून पाझर फुटतो, पाझराची वाफ होते, वाफ जाताना उष्णता घेऊन जाते आणि आतलं पाणी गार राहतं. खांद्याचंही तेच. पंधराएक लाकडं पोटात घेऊन भट्टी धगधगतेय, आणि आपला खांदा घाम गाळत स्वतःला गार ठेवतोय. हे चार-पाच तासही चालू शकतं. घाम संपला की आकडा चढतो, पण तोवर घामाबरोबर काय काय गेलं ते परातीत दिसतं.

मी वसईचा, त्यामुळे मला वेढा आठवणं साहजिक आहे. १७३९ साली चिमाजी अप्पांनी आमच्या किल्ल्याला घातलेला वेढा महिनोन्‌महिने चालला आणि मे महिन्यात पोर्तुगीज शरण आले. चिमाजी अप्पांच्या हाताशी फौज होती, सुरुंग होते. माझ्या हाताशी एक झोपलेली बायको आणि पेंगणारा कुत्रा.

शेवटी तीन वाजता आईला फोन लावला. आमचे पहाटेचे तीन म्हणजे वसईत दुपारचे साडेबारा, ती नुकतीच भाकऱ्या थापून बसली होती. व्हिडिओत मी तिला धूर, भट्टी, काळा पडलेला खांदा, सगळं दाखवलं. तिने शांतपणे बघितलं.

"झाकण कुठाय?"

"आई, याला झाकण नसतं. धूर लागायला पाहिजे ना."

"किती वाजल्यापासून लागतोय?"

"नऊ."

"सहा तास धूर घेतला त्याने. अजून किती घेणार? आता झाकण ठेव. आणि ताटात पाणी घालून ठेव वरती."

हंडीवर ताट, ताटात पाणी. आमच्याकडे इंद्याल तसंच शिजतं. मी तिला समजावणार होतो की हे वेगळं शास्त्र आहे, इथे लोक स्पर्धा लावतात, बक्षिसं देतात. तेवढ्यात आठवलं की त्या स्पर्धेतली मंडळीही स्टॉलला कंटाळून नेमकं हेच करतात. फॉइलमध्ये घट्ट गुंडाळतात. त्याला 'टेक्सास क्रच' म्हणतात, टेक्सासची कुबडी. घामाला बाहेर जायला वाट नाही, मग वाफ होणार कशाची? आकडा मुकाट्याने चढतो, आणि सुटलेला रस फॉइलमध्येच साठतो. वरची काळी कुरकुरीत साल जरा मऊ पडते, तेवढी किंमत द्यायची.

तर आईने वसईतून, भाकरीच्या पिठाचे हात न पुसता, अख्खं टेक्सास काढून दाखवलं. मी तिला हे सांगितलं नाही. तिला टेक्सासचं काही नसतं.

दुहेरी फॉइलमध्ये खांदा गुंडाळला. साडेचारला १६८, सातला १८५, साडेदहाला २०३. म्हणजे सेल्सिअसमध्ये पंच्याण्णव. सळई लोण्यात जावी तशी आत गेली. याच टप्प्यावर आतलं चिवट कोलॅजन विरघळून त्याचं जिलेटिन झालेलं असतं. पायांच्या सूपमध्ये ओठ चिकटतात ते हेच.

आता खरी परीक्षा. साडेदहा वाजलेत, पाहुणे एकला, म्हणजे कधी ते तुम्हाला माहीतच आहे. गेल्या वर्षीचा मी या क्षणी हातमोजे घालून परात मागत होतो. धूरकाकांनी वर्षभर एकच मंत्र दिला होता: ताटं वाढायला घेईपर्यंत हात लावायचा नाही. फॉइल दहा-पंधरा मिनिटं सैल करून शिजणं थांबवायचं, पुन्हा बंद करायची, आणि खांद्याला निजवायचं. कुठे? पिकनिकला बर्फ नेतो त्या डब्यात. जो डबा गारवा बाहेर जाऊ देत नाही, तो उष्णताही जाऊ देत नाही. आधी त्यात गरम पाणी ओतून तो तापवायचा, ओतून टाकायचं, आणि खांद्याभोवती टॉवेल कोंबायचे.

टॉवेल वॉशिंग मशिनमध्ये होते. सगळे. ओले.

मी कपाट उघडलं. वरच्या फळीवर एक सोलापुरी चादर होती, सासूबाईंनी दिलेली, अजून घडीही न मोडलेली. जाड, दमदार, भौगोलिक मानांकन मिळालेली. थंडीसाठी राखून ठेवलेली. मी म्हटलं, ऊब धरणं हेच तर तिचं काम.

खांदा चादरीत गुंडाळला, डब्यात निजवला, झाकण लावलं. थर्मामीटरची तार झाकणाखालून बाहेर, मोबाइलला जोडलेली. अगदी आयसीयू. १४० अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे ६० सेल्सिअसच्या खाली आकडा गेला की जंतूंचा संसार सुरू होतो, त्यामुळे तेवढ्यावर नजर.

एकला १७९. ग्रुपवर मेसेज: "निघतोय." म्हणजे आंघोळीला निघालेत.

दोनला १७१. "निघालो." म्हणजे गाडीची किल्ली शोधतायत.

पावणेतीनला १६५. "पोहोचतोच." याचा अर्थ आजवर कुणालाही लावता आलेला नाही.

पण गंमत बघा, मी रागावलो नव्हतो. हयातीत पहिल्यांदा मराठी पाहुण्यांचा उशीर माझ्या स्वयंपाकाच्या फायद्याचा होता. खांदा आत पडल्या पडल्या आपलाच रस परत पीत होता. कुणी वेळेवर आला असता तर मी त्याला परत पाठवला असता.

सव्वातीनला सगळे आले. निम्मी मंडळी शाकाहारी, त्यांच्यासाठी पनीर. एक दादा म्हणाले, "आम्ही डुक्कर खात नाही हं. पण हे पुल्ड पोर्क आहे ना? मग चालेल." डबा अंगणात न्यायचा होता. मी सवयीने हाक मारली, "चला, चौघं जण खांद्याला या!" आणि चौघं आले, पण चेहरे पडले. त्यात डबा उघडल्यावर आत चादरीत गुंडाळलेलं काहीतरी. एका मुलीने आईचा हात धरला.

फॉइल उघडली. तळाशी दोन वाट्या रस होता, सोनेरी. वरची चरबी पळीने काढली, रस बाजूला ठेवला. मग खांद्याचं चपटं हाड धरलं आणि नुसतं ओढलं. ते म्यानातून तलवार यावी तसं बाहेर आलं, कोरडं, स्वच्छ, एक तंतूही न चिकटलेला. तेव्हा मंडळींच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी मोबाइलवर टिपला नाही, कारण या वर्षी एकही फोटो काढायचा नाही असं ठरवलं होतं.

बोटांनी मटण सोडवत गेलो, फार बारीक नाही, अंगठ्याएवढे तुकडे. काळी साल हाताने मोडून सगळीकडे मिसळली. मग तो रस परत घातला, थोडा थोडा, मटण पीत गेलं तसा. वरून पातळ व्हिनेगरचं पाणी: सफरचंदाचं व्हिनेगर, मिरचीचा चुरा, मीठ, चिमूटभर साखर. राज्याच्या पूर्वेला एवढंच घालतात. पश्चिमेला, लेक्सिंग्टनकडे, त्यात जरा केचप घालतात, आणि या केचपवरून इथे जेवढं बोलतात तेवढं आपल्याकडे मिसळीवरूनच बोलत असतील. मी केचप घातलं नाही. आईने पाठवलेला बॉटल मसाला, आमच्या घरांतला तो बाटलीत भरून ठेवायचा मिश्र मसाला, मात्र एक चमचा घातला.

धूरकाका कुंपणाशी येऊन उभे होते. त्यांना पाव दिला. त्यांनी एक तंतू काढला, उन्हासमोर धरला, ताणला. तो लांबला आणि चमकला. टोपी डोक्यावरच राहिली. मग एक घास, आणि बराच वेळ काही नाही.

"ईस्टर्न?" त्यांनी विचारलं.

"ईस्ट इंडियन," मी म्हटलं.

त्यांनी मान डोलावली. "ते किनाऱ्यावरच्या विल्मिंग्टनच्या अलीकडे की पलीकडे?"

मी म्हटलं, पलीकडे. बरंच.

पाणी फक्त एका काकूंनी मागितलं, तेही गोळी घ्यायची होती म्हणून. थोडं उरलं ते रसासकट पिशव्यांत भरून फ्रीझरमध्ये टाकलं. ज्यांनी डब्यात नेलं त्यांना बजावून सांगितलं, गरम करताना चमचाभर रस घाला, वर फॉइल लावा, ओव्हन मंद ठेवा. दुसऱ्या दिवशी साताऱ्याच्या एका दादांचा मेसेज आला: "मायक्रोवेव्हमध्ये पाच मिनिटं लावलं. काल एवढं छान होतं, आज दोरी का झाली?" खाली दोरीचा फोटो.

आईला रात्री फोन करून सगळं सांगितलं. फॉइल दोन पदरी, त्यावर चादर, त्यावर डबा, डब्याला झाकण.

"एवढी झाकणं?" ती म्हणाली. "हंडीला एक पुरतं."

चादर मी चार वेळा धुतली. दोनदा व्हिनेगर घालून, एकदा लिंबू घालून, एकदा नुसती देवाचं नाव घेऊन. धुवून घडी घालून वरच्या फळीवर होती तशी ठेवली आहे. पण कपाट उघडलं की कुत्रा येऊन बसतो आणि वर बघत राहतो. सप्टेंबरमध्ये सासूबाई येतायत. येताना जास्त पांघरुणं आणत नाही, असं त्यांनी कालच फोनवर कळवलंय. म्हणाल्या, माझी ती सोलापुरी आहेच की तुमच्याकडे.