युरोमोड्युलिन आणि रक्तदाब : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार,

मूत्रपिंडात बनणारे युरोमोड्युलिन हे प्रथिन रक्तदाब वाढवते, असे सांगणाऱ्या माझ्या लेखावर आपण सविस्तर आणि सडेतोड प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल आभार. पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत वीस वर्षे काढलेल्या व्यक्तीचे आक्षेप दोन ओळींत वाटेला लावणे बरे नव्हे, म्हणून उत्तर लांबले आहे. आपले म्हणणे थोडक्यात असे : लघवीत युरोमोड्युलिन जास्त असणाऱ्यांची मूत्रपिंडे अधिक निरोगी असतात हे अनेक पाहण्यांत दिसलेले असताना तेच प्रथिन रक्तदाब वाढवते असे म्हणणे उलटे आहे, या जनुकात दोष असलेल्या कुटुंबांत हे प्रथिन लघवीत कमी उतरते आणि तरीही मूत्रपिंडे निकामी होतात, जनुकांवरून कार्यकारणभाव ठरवणे म्हणजे ‘पत्रिकेवरून रोगनिदान’, आणि हा सगळा अभ्यास युरोपीय वंशाच्या लोकांवर झालेला आहे. यांपैकी शेवटचा आक्षेप मला जवळजवळ पूर्ण मान्य आहे, पहिले दोन मान्य नाहीत, आणि पत्रिकेच्या टोमण्याने मला माझ्याच लेखातले एक वाक्य बदलायला लावले आहे.

इतर वाचकांसाठी या प्रथिनाची ओळख करून देतो. निरोगी माणसाच्या लघवीत सर्वांत जास्त असणारे प्रथिन हेच, अल्ब्युमिन नव्हे. १९५० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत इगोर टॅम आणि फ्रँक हॉर्सफॉल यांनी ते वेगळे केले. त्यांना रक्तदाबाशी काही देणेघेणे नव्हते; इन्फ्लुएंझाच्या विषाणूमुळे तांबड्या पेशींच्या ज्या गुठळ्या होतात त्या रोखणारा लघवीतला पदार्थ ते शोधत होते. लघवीत पुरेसे मीठ घातले की हे प्रथिन साका होऊन खाली बसते, या गुणाचा त्यांनी उपयोग केला. मिठाने पकडलेले हे प्रथिन पुढे मिठाच्याच प्रकरणात संशयित म्हणून उभे राहावे, हा योगायोग मला गमतीचा वाटतो. आपण लघवीच्या तपासणीत सूक्ष्मदर्शकाखाली जे हायलाइन कास्ट (नलिकांच्या आकाराचे पारदर्शक साचे) पाहत आलात, त्यांचा गाभाही याच प्रथिनाचा असतो. म्हणजे आपली आणि त्याची ओळख माझ्यापेक्षा जुनी आहे.

आता पहिला आक्षेप. एखाद्या शिलाईच्या कारखान्यातून दिवसाला किती शर्ट बाहेर पडतात, हे दोन गोष्टींवर ठरते : यंत्रावर बसलेले कारागीर किती, आणि प्रत्येकाचा हात किती भरभर चालतो. फाटकाशी उभे राहून शर्ट मोजणाऱ्याला या दोन गोष्टी वेगळ्या करता येत नाहीत. युरोमोड्युलिन मुख्यतः मूत्रपिंडातल्या एकाच जागी, हेन्लेच्या वळशाच्या जाड चढत्या नलिकेत, तयार होते. लघवीत ते किती उतरते हे अशा किती नलिका शाबूत आहेत यावर आणि प्रत्येक नलिका किती प्रथिन बनवते यावर अवलंबून असते. वय, मधुमेह किंवा जुना रक्तदाब यांनी नलिका नष्ट झाल्या की प्रथिन घटते. त्यामुळे आपण ज्या पाहण्यांचा दाखला देता त्यांत ‘युरोमोड्युलिन जास्त’ याचा अर्थ बहुतांशी ‘कारागीर जास्त शिल्लक’ एवढाच आहे, आणि ज्याचे कारागीर शिल्लक आहेत त्याची प्रकृती बरी असणारच. त्या पाहण्या खोट्या नाहीत. हात भरभर चालला तर काय होते, हा प्रश्न त्यांनी विचारलेलाच नाही.

तो प्रश्न विचारायला जनुक उपयोगी पडते. १६ व्या गुणसूत्रावरच्या यूएमओडी या जनुकाच्या सुरुवातीच्या भागात, जिथून ते किती जोमाने वाचले जावे हे ठरते, तिथे माणसामाणसांत लहानसे फरक आहेत. प्रथिनाची घडण त्यांनी बदलत नाही, उत्पादन तेवढे कमीजास्त होते. २००९ मध्ये या जागेचा संबंध दीर्घकालीन मूत्रपिंडरोगाशी आढळला. २०१० मध्ये अत्यंत उच्च आणि अत्यंत निर्धोक रक्तदाब अशा दोन टोकांची माणसे निवडून केलेल्या अभ्यासात तो उच्च रक्तदाबाशीही आढळला : कमी उत्पादनाशी जोडलेल्या रूपाच्या प्रत्येक प्रतीमागे ऑड्स रेशो (शक्यतांचे गुणोत्तर; १ पेक्षा कमी म्हणजे धोका कमी) ०.८७. हा आकडा लहान आहे, आणि तो लहान असल्याचे मी मूळ लेखात पुरेसे ठसवले नाही, ही माझी चूक.

एवढ्या लहान फरकाला महत्त्व का द्यावे, हे मिठाच्या हिशेबाने कळते. दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यात सुमारे दीड किलो मीठ असते. वाण्याकडून आणलेल्या एक किलोच्या दीड पिशव्या, रोज. त्यातले जवळजवळ सगळे परत रक्तात घेतले जाते आणि त्यातला साधारण चौथा हिस्सा याच जाड चढत्या नलिकेत परत घेतला जातो. गाळलेल्या मिठाचा एक टक्का म्हणजे सुमारे १५ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसाला सांगितलेली मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी आहे. पुढच्या नलिका बरीचशी भरपाई करतात म्हणून आपण तगून असतो, पण या टप्प्यावरचा चाप थोडासाही हलला तर तो आयुष्यभर हललेला राहतो. हा चाप म्हणजे एनकेसीसी२ नावाचे वाहक प्रथिन, जे फ्युरोसेमाइड ही लघवी वाढवणारी ओळखीची गोळी बंद पाडते, आणि युरोमोड्युलिन या वाहकाला अधिक कामाला लावते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात जास्त युरोमोड्युलिन बनवणाऱ्या उंदरांचा रक्तदाब वाढला आणि तो मिठाला संवेदनशील निघाला. त्याच संशोधनात उच्च रक्तदाबाच्या ज्या रुग्णांकडे जास्त उत्पादनाच्या रूपाच्या दोन्ही प्रती होत्या, त्यांच्यावर फ्युरोसेमाइडचा परिणाम इतरांपेक्षा अधिक झाला. उलट बाजूने, ज्या उंदरांत हे जनुकच काढून टाकले होते त्यांचा रक्तदाब कमी राहिला आणि मिठानेही तो फारसा चढला नाही.

पत्रिकेविषयी. पत्रिकेत सारे जन्मवेळी ठरते आणि जनुकांत त्याच्याही नऊ महिने आधी. साम्य इथे संपते. आईकडे एका जनुकाची दोन वेगळी रूपे असतील, तर मुलाला त्यातले कोणते मिळावे हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरते. त्या चिठ्ठीला मूल पुढे लोणचे किती खाणार, वजन किती वाढवणार, पगार किती मिळवणार, यातले काही ठाऊक नसते. म्हणून ज्यांना जास्त उत्पादनाची चिठ्ठी आली आणि ज्यांना कमी उत्पादनाची, असे दोन मोठे गट इतर बाबतींत सरासरीने सारखे निघतात, आणि त्यांच्या रक्तदाबातला फरक त्या चिठ्ठीच्या नावावर मांडता येतो. या पद्धतीला मेंडेलियन रँडमायझेशन म्हणतात. तिचा उपयोग संशय दूर करण्यासाठीही झाला आहे. कोविडच्या काळात घरोघरी माहीत झालेले, शरीरातला दाह दाखवणारे सीआरपी हे रक्तातले प्रथिन घ्या : ते जास्त असलेल्यांना हृदयविकार जास्त होतो, पण जन्मतः जास्त सीआरपी देणारी जनुकीय रूपे असलेल्यांना तो जास्त होत नाही. म्हणजे सीआरपी धूर निघाले, आग नव्हे. युरोमोड्युलिनच्या बाबतीत २०२१ मध्ये याच पद्धतीने केलेल्या अभ्यासाचा कौल उलट आला : जनुकीय कारणाने ते जास्त असेल तर रक्तदाब जास्त आणि मूत्रपिंडाचे कार्य कमी, आणि त्या घटीचा काही भाग रक्तदाबाच्या वाटेने येतो.

तरीही आपल्या टोमण्यात तथ्य आहे, फक्त ते आपण दाखवलेत तिथे नाही. या पद्धतीची सर्वांत अवघड अट अशी की, निवडलेल्या जनुकीय रूपाने रक्तदाबावर परिणाम करायचा तो फक्त या प्रथिनाच्या वाटेने. दुसऱ्या कुठल्या चोरवाटेने नाही. जेव्हा वेगवेगळ्या गुणसूत्रांवरची वीस-तीस रूपे हाताशी असतात, तेव्हा ती सारी एकच गोष्ट सांगतात का हे तपासून चोरवाट पकडता येते. इथे जवळजवळ सगळा पुरावा एकाच जागेवरून येतो. साक्षीदार चार असले तरी चौघे एकाच घरचे आहेत. शेजारचे पीडीआयएलटी हे जनुक मुख्यतः वृषणात काम करते, त्यामुळे त्याच्यावर संशय घ्यायला फारसा आधार नाही. पण ‘फारसा नाही’ आणि ‘मुळीच नाही’ यांत अंतर आहे. ते अंतर माझ्या मते उंदरांनी आणि फ्युरोसेमाइडने बरेचसे भरून काढले आहे, एकट्या आकडेमोडीने नाही. लेखात मी श्रेय आकडेमोडीला दिले होते.

दोषयुक्त कुटुंबांचा मुद्दा वेगळा आहे. तिथे प्रथिनाची घडणच बिघडते, नीट घडी न बसलेले प्रथिन पेशीबाहेर पडू शकत नाही आणि आत साचून पेशीलाच मारते. लघवीत ते कमी दिसते कारण माल गोदामात कुजतो आहे. मूत्रपिंड जाते ते साचण्यामुळे, प्रथिनाच्या अभावामुळे नाही. जनुक पूर्ण काढून टाकलेल्या उंदरांना तो आजार होत नाही. त्यामुळे या कुटुंबांवरून सर्वसामान्यांच्या रक्तदाबाविषयी, माझ्या बाजूने किंवा आपल्या बाजूने, काहीच सिद्ध होत नाही.

वंशाचा आक्षेप मी स्वीकारतो. वर उल्लेखलेल्या मानवी अभ्यासांतली बहुतेक माणसे युरोपीय वंशाची आहेत. नलिका आणि वाहक प्रथिन साऱ्या माणसांत एकच असल्याने यंत्रणा आपल्याकडे वेगळी असेल असे मला वाटत नाही, पण परिणाम किती मोठा हे मिठाच्या सेवनावर आणि आजूबाजूच्या इतर जनुकीय फरकांवर अवलंबून राहील, तिथले ०.८७ इथे जसेच्या तसे लावू नये.

आपण न विचारलेली एक गोष्ट मला सांगितली पाहिजे, कारण मूळ लेखात ती सुटली होती. जास्त उत्पादनाचे रूप हे निव्वळ दुर्दैव नाही. हे प्रथिन मूत्रमार्गातल्या ई. कोलाय जिवाणूंना धरून ठेवते आणि लघवीवाटे बाहेर काढते. शिवाय आइसलँडमधल्या २०१० च्या अभ्यासात असे दिसले की जे रूप मूत्रपिंडरोगाचा धोका वाढवते तेच मुतखड्यापासून काहीसे संरक्षण देते, आणि त्याचा धोका उतारवयात अधिक जाणवतो. तरुणपणी संसर्ग आणि खडे टाळायचे, म्हातारपणी रक्तदाब भोगायचा, असा काहीसा हा सौदा दिसतो. म्हणून ‘खलनायक प्रथिन’ हे माझे उपशीर्षक मी काढून टाकले आहे.

लेख वाचून लोक लघवीतले प्रथिन मोजायला धावतील, ही आपली भीती रास्त आहे. नेहमीच्या पट्टीच्या तपासणीत मुख्यतः अल्ब्युमिन दिसते, युरोमोड्युलिन नव्हे, आणि तिथे अल्ब्युमिन दिसणे हा वेगळाच आणि गंभीर विषय आहे. ही ओळ लेखाच्या सुरुवातीला जोडली आहे. ‘जनुकशास्त्राने हे सिद्ध केले आहे’ या वाक्याच्या जागी आता असे आहे : ‘जनुकीय अभ्यास, उंदरांवरील प्रयोग आणि फ्युरोसेमाइडला मिळणारा प्रतिसाद हे तिन्ही एकाच दिशेला बोट दाखवतात.’ यातही काही खटकत असेल तर जरूर लिहावे.