‘सगळ्यात बसते’ म्हणे! डोंबल बसते!

बाबांचं घड्याळ गेले तेवीस दिवस माझ्या टेबलावर पोट उघडं टाकून पडलंय. चावीचं, सतरा ज्वेलचं (म्हणजे खड्यांचं) जुनं स्विस मशीन. बिघाड काय, तर एक स्प्रिंग! बॅलन्सच्या, म्हणजे मागेपुढे डुलणाऱ्या चाकाच्या, दांड्याच्या टोकावरचा खडा दाबून धरणारी, दोन पायांची, तिळाएवढी. तिचा एक कान तुटला आणि चिमट्यातून उडाली ती उडालीच. कपाट सरकवलं, फरशी झाडली. दोन टिकल्या, एक रबरबँड आणि एक वाळलेली पाल मिळाली. स्प्रिंग नाही.

तबकडीवर ‘इन्काब्लॉक’ (घड्याळ पडलं तर ते टोक वाचवणाऱ्या रचनेचं नाव) लिहिलंय, म्हणजे काम सोपं, असं वाटलं होतं. कसलं सोपं! इन्काब्लॉक आला १९३०च्या दशकात. तेव्हापासून बायकी घड्याळापासून खिशातल्या घड्याळापर्यंत किती मापांचे ब्लॉक (खडा आणि स्प्रिंगची घरं) निघाले असतील, मोजा. बरं, वरचा ब्लॉक आणि तबकडीखालचा ब्लॉक एकाच मापाचे असतील याचीही खात्री नाही.

त्यात अशाच कामाच्या दुसऱ्या रचनांची भावकी वेगळीच. किफ घ्या, तर त्यात ट्रिओर, फ्लेक्टर, एलास्टर. शिवाय एटाशॉक, नोव्होडियाक. जपानी घड्याळ असेल तर सेकोचा डायाशॉक, सिटिझनचा पॅराशॉक. आयग्लास लावून बघितलं तर निम्म्या स्प्रिंगा तीन पाकळ्यांच्या फुलासारख्या दिसतात आणि एकही दुसरीच्या जागी बसत नाही.

‘मशीनचा नंबर सांगा, लगेच कळेल’ म्हणणाऱ्यांना तर कोपरापासून नमस्कार. नंबरने काय कळतं? एटा या स्विस कंपनीचं २८२४-२ घ्या. जगभर चालणारं मशीन, पण साध्या ग्रेडमध्ये एटाशॉक किंवा नोव्होडियाक आणि वरच्या ग्रेडमध्ये इन्काब्लॉक. नंबर तोच, पार्ट वेगळा! पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या मशीनची काय कथा?

आणि घड्याळावरूनच ओळखावं म्हटलं, तर आधीचा घड्याळजी आडवा येतो. खालची स्प्रिंग काढून बघितली, तर ती कुठल्या तरी दुसऱ्याच घड्याळाची, पाय कानशीने घासून कोंबलेली. धन्य तो कारागीर! म्हणजे नमुना म्हणून तीही बाद.

दुकानदार मात्र निवांत. ‘इन्काब्लॉक ना? सगळ्यात बसते,’ असं म्हणून साडेचारशे रुपयांची डबी हातात ठेवली. शंभर स्प्रिंगा, सगळ्या मापांची मिसळ, चिठ्ठी एकही नाही. चार रात्री बसून एकेक लावून पाहिली. मोठी खाचेत शिरत नाही, छोटी बोट लागताच निसटते. एक बसली! मी आनंदाने बायकोला हाक मारली. टेबलावर टिकटिक मस्त. उलटं केलं की बंद. स्प्रिंग इतकी ढिली की खडा जागेवर राहतच नव्हता.

अहो, ही स्प्रिंग शोभेची नाही! बॅलन्सच्या दांड्याचं टोक जेमतेम ०.१ मिलिमीटर जाड असतं. घड्याळ हातातून पडलं की खडा जरा सरकायचा, धक्का दांड्याच्या जाड भागाने घ्यायचा आणि स्प्रिंगने खडा पुन्हा जागेवर आणायचा, असं सगळं गणित. स्प्रिंग ढिली असेल तर खडा डुगडुगतो, जास्त कडक असेल तर खडा हलतच नाही आणि टोक मोडतं. मग बॅलन्सचा दांडा शोधा! ती तर आणखी वेगळी साडेसाती. पण हे सांगायला गेलं की समोरून उत्तर येतं, ‘साहेब, थोडासा गम लावा, काही होत नाही.’ गम! ज्वेलला!

एचएमटी असतं तर एवढी कटकट नव्हती. भंगारातली एखादी ‘जनता’ आणून तिची स्प्रिंग काढली असती. बायको तेच म्हणते, फक्त तिच्या मते ती ‘जनता’च सरळ हातात घालावी. बाबांचं घड्याळ आहे म्हटल्यावर गप्प बसते, तेही फक्त पाच मिनिटं.

काल मुंबईत अब्दुल रेहमान स्ट्रीटवर एक म्हातारे चाचा भेटले. मशीन हातात घेतलं, भिंग लावलं, दोन मिनिटं शांत. पहिल्यांदाच कुणीतरी नीट बघत होतं. खालची स्प्रिंग बघून म्हणाले, ‘ही याची नाही.’ मला गहिवरूनच आलं. मग भिंग उतरवत म्हणाले, ‘वरची जुनी स्प्रिंग घेऊन या, लगेच मॅच करून देतो.’

जुनी स्प्रिंग!