तो लाल ठिपका म्हणजे विचार नव्हे

फॅमिली ग्रुपवर तो फॉरवर्ड पुन्हा आलाय. करड्या मेंदूवर दोन लाल-पिवळे ठिपके आणि खाली मजकूर: ‘एफएमआरआयमध्ये विचार लाइव्ह दिसतो. पेटलेला भागच काम करतो, बाकी 90 टक्के मेंदू झोपलेला असतो.’

आधी ‘विचार दिसतो’ हे घेऊ. एफएमआरआय म्हणजे मेंदूचा कुठला भाग कामाला लागलाय हे दाखवणारा एमआरआय स्कॅन. या यंत्राला मेंदूतल्या पेशींची वीज कळतच नाही, कळतं ते रक्त. ऑक्सिजन देऊन मोकळं झालेलं हिमोग्लोबिन आसपासच्या चुंबकीय क्षेत्रात किंचित गडबड करतं आणि यंत्राला मिळणारा सिग्नल कमी होतो. ऑक्सिजनवालं करत नाही. जपानी शास्त्रज्ञ सेइजी ओगावा यांनी 1990 मध्ये हाच फरक मेंदूचं चित्र काढायला वापरला. गंमत पुढे आहे. एखादा भाग कामाला लागला की तिथे रक्त गरजेपेक्षा जास्त येतं. शंभर पानांच्या पंगतीला दीडशे जणांचा स्वयंपाक. स्कॅनमध्ये उजळतं ते हे उरलेलं ऑक्सिजनवालं रक्त. श्वास रोखून धरलात, तर कार्बन डायऑक्साइड वाढून रक्तवाहिन्या रुंदावतात आणि विचार तोच असूनही सिग्नल चढतो!

‘लाइव्ह’ तर नाहीच. बोट एकदा हलवा आणि सावकाश पाचपर्यंत मोजा. रक्ताचा प्रतिसाद जेमतेम तेव्हा शिखरावर येतो. पेशींचा कारभार मिलिसेकंदांत उरकलेला असतो.

रंग? ते संगणकाने भरलेले. काम करतानाच्या सिग्नलमधून एरवीचा वजा करायचा. फरक बहुधा एक-दोन टक्क्यांचा. तो संख्याशास्त्राच्या चाळणीतून गेला तरच ठिपका. चाळणी ढिली ठेवली तर काय होतं, हे संशोधक क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये दाखवलं: स्कॅनरमध्ये मेलेला सॅमन मासा ठेवून त्याला माणसांचे फोटो दाखवले, आणि माशाच्या मेंदूत ‘हालचाल’ सापडली. 2012 मध्ये त्यांना इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचा गमतीशीर पुरस्कार.

90 टक्क्यांबद्दल फार बोलायला नको. वजनाने शरीराच्या 2 टक्के असलेला मेंदू, आपण नुसते पडून असतानाही 20 टक्के ऑक्सिजन खातो. झोपलेल्याचा खुराक एवढा नसतो.

म्हणून एफएमआरआय थोतांड ठरत नाही. मेंदूतली गाठ काढण्याआधी बोलण्याची, हातापायांची केंद्रं कुठे आहेत हे सर्जन त्यावर बघतात. पण गाठीजवळच्या रक्तवाहिन्या कधी कधी नीट प्रतिसाद देत नाहीत. पेशी काम करत असतात आणि ठिपका मात्र उमटत नाही. त्यामुळे अनेकदा ऑपरेशनच्या टेबलावर रुग्णाला जागं ठेवून, त्या जागी बारीक विजेचा स्पर्श देऊन, त्याला बोलायला लावतात.