आश्वासन देण्याआधी बजेट वाचा

'स्कूल बोर्डाच्या निवडणुकीला उभं राहताना अभ्यासक्रम बदलण्याचं ठाम आश्वासन द्या' हा एका लेखातला सल्ला मला अजिबात पटला नाही. अमेरिकेत कोणत्या इयत्तेत मुलांना काय यायला हवं याची मानकं राज्य ठरवतं. स्कूल बोर्ड, म्हणजे डिस्ट्रिक्टमधल्या (शाळांच्या स्थानिक विभागातल्या) सरकारी शाळांचा कारभार पाहणारं निवडून आलेलं मंडळ, साधारणपणे पाठ्यपुस्तकं मंजूर करतं, धोरणं आखतं, बजेट ठरवतं आणि सुपरिंटेंडंट (डिस्ट्रिक्टचा मुख्य प्रशासक) नेमतं. त्यातही एकट्या सदस्याच्या हातात काही नसतं, निर्णय होतो तो सभेतल्या बहुमताने. मग दारोदार जाऊन असा शब्द कोणत्या तोंडाने द्यायचा?

मी आमच्या डिस्ट्रिक्टमध्ये उमेदवार होते. दारात लोक विचारायचे ते अगदी रोजचं: बस वेळेवर का येत नाही, स्पेशल एज्युकेशनच्या (विशेष गरजा असलेल्या मुलांच्या) शिक्षकांच्या जागा रिकाम्या का, प्रॉपर्टी टॅक्स वाढतोय तो जातो कुठे? मागच्या सभांची इतिवृत्तं आणि बजेट (दोन्ही सार्वजनिक असतात) आधी नीट वाचली होती, म्हणूनच उत्तरं देता आली. आणखी एक, ज्यांची मुलं आता शाळेत नाहीत त्यांचीही दारं वाजवा. आपल्या लोकांचा प्रचार बरेचदा ओळखीच्या पालकांपुरताच राहतो. ही निवडणूक मोठ्या निवडणुकांपासून वेगळ्या तारखेला असली की मतदान फार कमी होतं, आणि तेव्हा न चुकता मत द्यायला जातात त्यांत निवृत्त मंडळी बरीच असतात. शाळेसाठीचा टॅक्स तेही भरतात.